सिस्टरबाई आणि जाळीतले साहेब

सिस्टरबाईंना नोकरीतून मोकळं होऊन पाच वर्षं झाली होती, तरी त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं. बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी बत्तीस वर्षं काढली. "या गल्लीतल्या अर्ध्या मिशीवाल्यांना मी उघडंनागडं पाहिलंय," त्या म्हणायच्या, "माझ्याशी कोण वर तोंड करून बोलणार?" आणि खरंच कुणी बोलत नसे.

त्यांचा हात म्हणजे हात होता. बाईच्या पोटावर तळवा टेकवला की बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, अजून किती वेळ, सगळं त्या सांगून मोकळ्या व्हायच्या. नवे डॉक्टर मशीन लावायच्या आधी हळूच म्हणायचे, "सिस्टर, जरा हात लावून बघता का?"

त्यांच्या यजमानांना सगळे चष्मेवाले म्हणत. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं लोकांच्या काचा पुसल्या, काड्या वाकवल्या, मोहरीएवढे स्क्रू बसवले. मग हात थरथर कापायला लागले. एक दिवस एकाच स्क्रूसाठी अर्धा तास गेला, तेव्हा त्यांनी दुकानाची किल्ली पुतण्याच्या हातात ठेवली आणि घरी आले. मूलबाळ झालं नव्हतं. सिस्टरबाई वॉर्डात आणि ते दुकानात, त्यामुळे त्याचं दुःख करत बसायलाही दोघांना सवड मिळाली नव्हती.

माणूस देवमाणूस, पण जिवाला फार जपणारा. रोज सकाळी चहाच्या आधी ते बायकोपुढे जीभ बाहेर काढून उभे राहत.

"अगं, पांढरी दिसते का?"

"दिसते. काल दोनदा वाढून घेतलंत, मग काय गुलाबी दिसणार?"

"म्हणजे काळजी नाही ना?"

"काही नाही. घ्या आत."

तेवढं ऐकलं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. पाठीवर पुळी आली, गुडघा वाजला, छातीत जळजळलं, सगळं आधी बायकोच्या हाताखालून जायचं. डॉक्टरची पायरी त्यांनी कधी चढली नाही. घरात विहीर असताना गावभर कळशी घेऊन कोण हिंडतं, असं त्यांचं म्हणणं.

वरच्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारी एक मुलगी भाड्याने राहायची. तिची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी ती छोट्या कपाटाएवढा जाळीचा पिंजरा घेऊन जिना उतरली. आत एका फांदीला धरून सरडा बसला होता. आपल्या कुंपणावरचा नव्हे, पाळायचा: पोपटी रंगाचा, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली.

"आठ दिवस ठेवा, आजी. तिकडे खोली मिळाली की घेऊन जाते."

त्या आठ दिवसांचे आठ महिने झाले. मुलीचे फोन आधी रोज यायचे, मग आठवड्याने, मग येईनासे झाले. एव्हाना चष्मेवाल्यांनाच तो परत द्यायचा नव्हता.

सिस्टरबाईंना सुरुवातीला किळस आली. पण यजमान दुकान सुटल्यापासून खिडकीशी बसून राहायचे, ते आता सकाळी उठून कामाला लागत होते. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब तेवढे चाटतो. म्हणून दिवसातून दोनदा फवाऱ्याच्या बाटलीने झाड ओलं करायचं. सकाळी उबेचा बल्ब लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. पाखरं विकणाऱ्याकडून जिवंत रातकिडे आणायचे, त्यांना आधी गाजर खाऊ घालायचं, मग डब्यात कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचं. डबा थरथरत्या हातात धरला की किडे आपोआप घोळले जात. "बघ," ते म्हणत, "या हातांना शेवटी त्यांच्या लायकीचं काम मिळालं." दोनदा डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि घरभर किर्र सुरू झाली. सिस्टरबाई हातात चप्पल घेऊन स्वयंपाकघरात फिरल्या, आणि चष्मेवाले मागून ओरडत होते, "मारू नकोस गं, साहेबांचं जेवण आहे ते!"

साहेब हे नाव समोरच्या घरातल्या कारकूनबाईंनी ठेवलं होतं. सरडा एक पाऊल उचलायचा, ते हवेतच धरून मागे-पुढे झुलायचा, विचार करायचा आणि मग ठेवायचा. "अगदी आमचे साहेब!" त्या म्हणाल्या. "फाईल अशीच पुढे सरकवतात." नाव चिकटलं. सरडा म्हटलं की तो 'तो'च. नर की मादी हे कुणी विचारलंही नाही.

चष्मेवाल्यांना त्याच्या डोळ्यांचं वेड लागलं. दोन डोळे दोन दिशांना फिरायचे. "एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे," ते म्हणत. "असं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर मीच चक्कर येऊन पडलो असतो." कुणी उगाच म्हणालं की सरड्यासारखा रंग बदलणारा माणूस, तर त्यांना राग यायचा. "अहो, तो फसवायला नाही बदलत. थंडी वाजली, भीती वाटली, राग आला तर बदलतो. जे आत असतं तेच बाहेर दिसतं त्याचं. माणसाचं दिसतं का?"

सिस्टरबाईंची एक धाकटी बहीण होती. ती समुद्राच्या गावी राहायची. तिच्याकडे जाऊन निवांत राहायचं हे सिस्टरबाईंचं जुनं स्वप्न. नोकरीत असताना रजा मिळाली की दुकान आडवं यायचं, दुकान सुटलं तर साहेब आडवे आले. एकदा त्याची कात निघत होती म्हणून जाणं रद्द झालं, एकदा बल्ब उडाला म्हणून. दुसऱ्या वेळी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, तू येऊच नकोस. तुझ्या सरड्याला विचारून मीच येते." त्या दिवशी सिस्टरबाई कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी तिकिटं काढली, बॅग भरली, आणि तीन दिवस पाणी फवारायचं काम कारकूनबाईंना समजावून दिलं.

निघायला चार-पाच दिवस होते, तेव्हा साहेबांनी खाणं सोडलं. जो कधी फांदीवरून खाली येत नव्हता, तो तळाशी फेऱ्या मारायला लागला. झाडाच्या कुंडीत उतरून पुढच्या पायांनी माती उकरायचा. चष्मेवाले त्याला अलगद उचलून परत फांदीवर ठेवायचे. तो परत उतरायचा. दिवसातून दहा-दहा वेळा हा खेळ.

"त्याला बाहेर जायचंय की काय गं?"

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," सिस्टरबाई साडीची घडी घालत म्हणाल्या. "फिरेल आणि थकेल."

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ते सरड्याला दोन्ही तळव्यांत घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. अगदी जिभेसाठी उभे राहत तसे.

"अगं, तू एकदा हात लावून बघ. मला बरं वाटेना. जाणं पुढे ढकलू या का?"

सिस्टरबाईंनी हात पुसले. एक बोट सरड्याच्या पोटाखालून फिरवलं. पोट फुगलेलं होतं, आणि बोटाखाली काहीतरी लागलं. पिशवीत मणी भरावेत तसं, एकाला एक चिकटून, दोन्ही बाजूंना. बोट तिथे क्षणभर थांबलं. बत्तीस वर्षांच्या बोटाला जे सांगायचं होतं ते त्याने सांगितलं, आणि ते पुरतं मनात उतरायच्या आत सिस्टरबाईंची नजर आतल्या खोलीत पलंगावर ठेवलेल्या बॅगेवर गेली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "गॅस धरलाय. बसून बसून दुसरं काय होणार? परत येईपर्यंत होईल बरा."

"नक्की?"

"नक्की."

चष्मेवाल्यांचा चेहरा सैल झाला. "तू म्हणतेस म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि साहेबांना नेऊन फांदीवर ठेवलं.

समुद्रावरचे ते तीन दिवस फार सुखाचे गेले, हे सांगायलाच हवं. चष्मेवाले पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले, लाट आली की लहान मुलासारखे ओरडले. दोघी बहिणी एका चटईवर पडून आईच्या आठवणी काढत हसल्या, इतक्या की धाकटीला उचकी लागली. सिस्टरबाईंना पोटातले ते मणी एकदाही आठवले नाहीत. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चष्मेवाल्यांनी कारकूनबाईंना फोन लावला. फोन ठेवून ते सिस्टरबाईंकडे वळले.

"खाली बसलाय म्हणतात. डोळे मिटून. दिवसासुद्धा. आजच निघालो तर?"

"उद्या तर निघतोच आहोत," सिस्टरबाई म्हणाल्या. "एका दिवसाने काय होतंय?"

ते परत आले तेव्हा सरडा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आडवा होता. पोपटी रंग जाऊन अंग काळपट पडलं होतं, डोळे खोल गेले होते. कुंडीतली माती मुळं उघडी पडेपर्यंत उकरलेली होती, आणि खाली प्लास्टिकच्या तळावर नखांचे ओरखडे होते. कारकूनबाई दारात उभ्या राहून पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मी पाणी मारत होते हो, दोन्ही वेळा मारत होते." चष्मेवाल्यांनी बूटही काढले नाहीत. टॉवेलमध्ये गुंडाळलेला सरडा छातीशी धरून ते तसेच जिना उतरले, मागून सिस्टरबाई.

जनावरांची डॉक्टर तरुण होती. तिने सरड्याला टेबलावर ठेवलं, एकदाच पोट चाचपलं आणि वर पाहिलं.

"कधीपासून माती उकरतेय ही?"

"ही?" चष्मेवाले म्हणाले. "नाही, तो साहेब आहे. म्हणजे, सरडा आहे."

"मादी आहे, आजोबा. पोट अंड्यांनी भरलंय. अडकलीत सगळी."

"पण हा एकटाच... एकटीच होती. नर नाही, काही नाही, मग अंडी कशी?"

"कोंबडी घालते ना कोंबड्यावाचून, तसंच. वयात आली की घालतातच. फक्त यांना खोल माती लागते. बादलीभर ओली वाळू ठेवली असती तर हिने आपली आपण उकरून घातली असती. जागा मिळाली नाही की धरून ठेवतात, आणि मग सुटता सुटत नाहीत." तिने कपाट उघडलं. "चार-पाच दिवस आधी आणायला हवं होतं. प्रयत्न करते. कुणीतरी नीट धरा."

चष्मेवाल्यांच्या हातांना ते जमण्यासारखं नव्हतं. सिस्टरबाई पुढे झाल्या. डॉक्टरने छोटी कुपी फोडली आणि सिस्टरबाईंना वरचं नाव वाचायची गरज पडली नाही. कळा वाढवायचं इंजेक्शन. तेच, ज्याच्या कुपीचा आकार त्यांना अंधारात हाताने ओळखू आला असता. आयुष्यभर त्यांनी ते बायकांना टोचलं होतं आणि "झालं हं, आता थोडंच राहिलं," असं म्हणत कपाळावरून हात फिरवला होता. आता त्यांच्या दोन बोटांमध्ये एक वीतभर अंग होतं.

तासाभराने दोन अंडी आली. पांढरी, मऊ, चण्याएवढी. मग काही आलं नाही. ऑपरेशनचं बोलणं निघालं, पण डॉक्टरच म्हणाली की अंगात तेवढी ताकद राहिलेली नाही. दुपारी तीनच्या सुमारास सिस्टरबाईंच्या अंगठ्याखालची धडधड थांबली. त्यांना ते डॉक्टरच्या आधी कळलं. त्यांनी हात मात्र तसाच ठेवला.

इमारतीच्या मागे भिंतीलगत जमिनीची एक पट्टी होती. चष्मेवाल्यांनी कुणाची मदत घेतली नाही. गुडघ्यांवर बसून, कुंडीतल्या खुरप्याने, कापऱ्या हातांनी ते खणत राहिले. एवढ्याशा जिवाला वीतभर खड्डा पुरला असता. ते कोपरापर्यंत हात आत जाईतो खणत होते.

"पुरे हो," सिस्टरबाई म्हणाल्या.

"एवढंच तर हवं होतं तिला," ते म्हणाले, आणि आणखी खणलं. मग ती दोन अंडीही त्यांनी तिच्याशेजारी ठेवली.

पुढचे दिवस वाईट गेले. चष्मेवाले पुन्हा खिडकीशी बसायला लागले. पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. कुणी भेटायला आलं की एकच सांगायचे. "मीच उचलून वर ठेवत होतो हो. ती जागा शोधत होती आणि मी प्रेमाने उचलून वर ठेवत होतो. दहादा. माझ्यासारखा मूर्ख मीच." लोक म्हणायचे, तुम्हाला कसं कळणार, मुकं जनावर ते. सिस्टरबाई चहाचे कप घेऊन आत जायच्या.

नऊ दिवस त्यांनी हे ऐकलं. दहाव्या दिवशी सकाळी जेव्हा ते परत कपाळावर हात मारून म्हणाले, "मीच मारलं गं तिला," तेव्हा सिस्टरबाई गॅस बंद करून समोर येऊन बसल्या.

"तुम्ही नाही. मला लागली होती."

"काय?"

"अंडी. बोटाला. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला दाखवायला आणलंत तेव्हा."

त्यांना आधी समजलंच नाही. मग हळूहळू समजलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना सिस्टरबाईंनी पाहिलं, आणि नजर काढून घेतली नाही.

"तू गॅस म्हणालीस."

"हो."

"का?"

"मला जायचं होतं."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. चष्मेवाल्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, घातला.

"छान होतं तिथे," ते म्हणाले. "मलाही आवडलं होतं."

सिस्टरबाईंना वाटलं होतं ते ओरडतील. ताट भिरकावतील, महिनाभर अबोला धरतील. त्यासाठी त्या मनाने तयार होत्या. पण ते काहीच झालं नाही. ते उठले, अंघोळीला गेले. त्या दिवसापासून स्वतःला दोष देणं त्यांनी बंद केलं, जेवायलाही लागले. बोलायचे, भाजी आणून द्यायचे, दळण आणायचे. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाई चहाचं आधण ठेवून थांबल्या, तेव्हा ते सरळ खुर्चीवर येऊन बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. तिसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशी सिस्टरबाईंनी न राहवून विचारलं, "बरं आहे ना? जीभ बघू?"

"ठीक आहे की," ते म्हणाले, पान उलटत.

मग एकदा धुवायच्या सदऱ्यात त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्याची चिठ्ठी सापडली. गुडघ्याच्या गोळ्या. त्यांनी ती घडी करून टेबलावर ठेवली. विचारलं नाही. पुढे खोकल्याची सापडली. आणखी तीन महिन्यांनी त्या चष्म्याची काडी घट्ट करायला दुकानात गेल्या, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, गुरुवारी मी सकाळी सातला येतो गाडी घेऊन. काकांना उपाशीपोटी राहायला सांगितलंय, लक्षात आहे ना?"

"गुरुवारी काय?"

पुतण्याचा हात काडीवर थांबला. "हर्नियाचं ऑपरेशन. काका म्हणाले, तुम्हाला सांगितलंय."

त्या घरी आल्या. चष्मेवाले खिडकीशी बसले होते.

"किती दिवस दुखतंय?"

"झाले दोन-तीन महिने." ते ओशाळले. "तुला उगाच काळजी नको म्हणून..."

"मला दाखवायचं होतं."

"डॉक्टरांनी बघितलंय गं नीट," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. टाके पडले. रोज पट्टी बदलायला दवाखान्यातून एक परिचारिका यायची, विशीतली, नवी. ती व्यवस्था चष्मेवाल्यांनी आधीच करून ठेवली होती. ती आत जायची, सिस्टरबाई तिच्यासाठी चहा टाकायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या. पोरीचे हात चांगले होते, पण ती पट्टी जरा सैल लावायची. बाजूने हवा जाईल, ओल धरेल, हे सिस्टरबाईंना दारातून दिसत होतं. दोनदा शब्द ओठांवर आले. दोन्ही वेळा यजमान त्या पोरीकडे विश्वासाने बघत होते, म्हणून त्या बोलल्या नाहीत. पोरगी गेल्यावर कप विसळून ठेवला.

रविवारी ती येणार नव्हती. दुपारी अंघोळीनंतर चष्मेवाले खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. सिस्टरबाई बाहेर निवडणं घेऊन बसल्या होत्या. आत डबा उघडल्याचा आवाज आला, कागद फाटल्याचा, मग चिकटपट्टी ओढल्याचा. थोडा वेळ काहीच नाही. मग कात्री फरशीवर पडली.

सिस्टरबाई उठून दाराशी गेल्या. कडी लावलेली नव्हती. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं. "उचलून देते."

आत पलंग करकरला. वाकताना त्यांना दुखत असणार, श्वास जड येत होता.

"नको," ते आतून म्हणाले, नेहमीच्याच मऊ आवाजात. "सापडली."